पहिला कॅमेरा, नववी बुडी

५ सप्टेंबर, शनिवार

माझं रक्त हिरवं आहे. आज बारा मीटर पाण्याखाली हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि घरी येऊन दोन कप चहा झाला तरी छातीतली धडधड थांबलेली नाही.

खडकाला करंगळी घासली आणि तिच्यातून हिरव्या धुरासारखं काहीतरी निघायला लागलं. आधी वाटलं, शेवाळ. मग ते माझ्यातूनच येतंय हे कळलं आणि मी हवेच्या नळीचा रेग्युलेटर दातांत धरूनच ओरडलो. बाहेर फक्त बुडबुडे आले. बायकोला, म्हणजे हिला, बोट दाखवलं. हिनं ते आपल्या मुठीत घट्ट धरलं आणि आम्ही वर येईपर्यंत सोडलं नाही. वर आल्यावर मूठ उघडली, तर रक्त लालभडक.

"पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, काका," शिट्टी म्हणाली. शिट्टी म्हणजे आमची बुडी शिकवणारी बाई. वय आमच्या मुलीएवढं, पण तिच्या गळ्यातली शिट्टी वाजली की माझ्यासारखा छप्पन्न वर्षांचा घड्याळजीसुद्धा ताठ उभा राहतो. "खाली लाल बघायचं असेल तर दिवा न्यावा लागतो."

तिनं दिलेल्या बुड्यांच्या वहीत 'विशेष' या रकान्याला दोन ओळी आहेत. हिरवं रक्त दोन ओळींत कसं मावणार? म्हणून दुकानातली दुरुस्तीची जुनी नोंदवही घरी आणली. तिच्यात 'तारीख', 'तक्रार', 'दोष' असे रकाने आहेत. ते ओलांडून लिहितो आहे.

बुड्यांच्या वहीत मात्र नियम कडक. प्रत्येक बुडीच्या ओळीपुढे त्या दिवशीच्या जोडीदारानं सही करायची. माझ्या वहीत ही करते, हिच्या वहीत मी. आज आठवी बुडी, आठवी सही.

६ सप्टेंबर, रविवार

मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, फोटो कुठाय?"

"पाण्याखाली फोटो कसा काढणार?"

"मग मी कशावरून मानू? तू तर मागच्या वर्षी चिमणीला घार म्हणाला होतास."

ही हसली. मी फोन ठेवला आणि ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. हिनं विचारलं, "आत्ताच? अजून मला नीट तरंगता येत नाही, तुम्हाला नीट खाली राहता येत नाही." हे हिनंच बोलावं! पोहण्याचं खूळ हिचं, बुडीचं खूळ हिचं. दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीत आयुष्य घालवलेल्या बाईनं बावन्नाव्या वर्षी मला हाताला धरून पाण्यात ओढलं. आणि आता मला थोडी गोडी लागली तर 'आत्ताच?'

९ सप्टेंबर, बुधवार

बंदराजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मालक पूर्वी पाण्याखाली पाइप जोडायचा, म्हणून सगळे त्याला वेल्डर म्हणतात. दोन्ही हातांवर भाजल्याच्या खुणा. पाण्यात भाजतं कसं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"किती बुड्या झाल्या?" त्यानं विचारलं.

"आठ."

"पन्नास झाल्या की या."

मी हललो नाही. पंधरा मिनिटं त्याच्या काचेच्या कपाटासमोर उभा राहिलो, तेव्हा त्यानं कंटाळून किल्ली काढली.

मी पाहिलं ते असं. एक, काडेपेटीएवढा कॅमेरा, मनगटाला बांधायचा. दिसायला खेळणं. दोन, खिशात मावणारा साधा कॅमेरा, पण तो जाड पारदर्शक पेटीत बसवलेला, खाली दोन मुठींची पट्टी, तिला एका बाजूनं वाकणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला दिवा. तीन, मोठा कॅमेरा, अॅल्युमिनियमची पेटी, दोन दांडे, दोन दिवे. हा तिसरा कपाटात खेकड्यासारखा पाय पसरून बसला होता. माझा जीव त्याच्यात अडकला.

पेटीच्या झाकणात रबराची गोल रिंग असते. तिच्यावर एक केस जरी राहिला तरी पाणी आत शिरतं, असं तो समजावायला लागला. मी म्हटलं, "अहो, तीस वर्षं मी लोकांच्या घड्याळांत पाणी शिरू नये म्हणून अशाच रिंगा बसवतोय." मग तो जरा माणसासारखा बोलायला लागला. शेवटी म्हणाला, "दुसरा घेऊन जा, भाड्यानं. एक बुडी करा. मग बोलू. पण एक सांगा, दोन हातांत दोन मुठी धरल्यावर बायकोचा हात कुठल्या हातानं धरणार?"

"बायकोचा हात धरायचं वय गेलं आता," मी म्हटलं. दोघंही हसलो.

१२ सप्टेंबर, शनिवार

नववी बुडी. आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस, आणि शेवटी थोडा बिघडलेला.

अकरा मीटरवर वाळूत एक गंजका टिनाचा डबा होता आणि डब्यात ऑक्टोपस! एक डोळा बाहेर, बाकी सगळा आत. मी उजव्या कुशीवर वाळूत आडवा झालो, कोपर रोवलं, श्वास लांबवला. दिव्याच्या उजेडात तो चक्क लाल दिसला. विटेसारखा लाल! हळूहळू त्यानं एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. माणसाच्या बोटांनी चाचपावं तशी वाळू चाचपत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मास्कमध्ये ते पुसता येत नाही.

ही मधेच मागून माझा पाय ओढायला लागली. हिला काही दाखवायचं की असंच होतं. एखादी शिंपली सापडली की लगेच ओढाओढ. मी पाय झटकला. मग ही समोरच आली. मी एक बोट वर करून 'थांब, एक मिनिट' अशी खूण केली. पण हिनं पायातले फिन मारून एवढी वाळू उडवली की सगळं पिठासारखं पांढरं झालं. ऑक्टोपस डब्यात. संपलं.

मी चिडलो होतो. वर आल्यावर म्हणालो, "एक मिनिट थांबता येत नव्हतं का?"

हिनं माझ्याकडे बघितलं. होडीत पाय पोटाशी घेऊन बसली. गार वाटत असेल.

वहीत सही मागितली तर म्हणाली, "नंतर करते."

१३ सप्टेंबर, रविवार

चार मिनिटं अठरा सेकंदांची चित्रफीत. पहिली साडेतीन मिनिटं पाच वेळा बघितली. पुढची वाळूच आहे, ती बघवत नाही. मुलीला चांगला भाग आणि चाळीस फोटो पाठवले. तिचा निरोप आला, "बाबा, ऑक्टोपस भारी! पण चाळीस फोटोंत आई एकातही नाही?"

मी लिहिलं, "आई काय, रोजच दिसते."

हिला वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. ही कांदा चिरत होती, चिरत राहिली.

१५ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दुकानात निघताना हिनं माझ्या हातावर एक तुटकी प्लॅस्टिकची बारीक पट्टी ठेवली. वायरींचा जुडगा बांधायला वापरतात तशी.

"ही कशानं तुटली असेल, बघता का तुमच्या भिंगातून?"

दुकानात डोळ्याला भिंग लावून बघितली. उन्हानं प्लॅस्टिक वाळलेलं, आधीपासून बारीक चीर होती. जेवायला घरी आलो तेव्हा सांगितलं, "जुनी होती. कधीतरी तुटणारच होती. कशाची आहे?"

"होती अशीच एका वस्तूची," ही म्हणाली. पोळी वाढायची थांबली. मी आणखी काही विचारीन असं वाटलं असावं. मी विचारलं, "तिसऱ्या कॅमेऱ्याला दोन दिवे लागतात. दोन दिवे म्हणजे दुप्पट लाल, नाही का?"

ही उठून पाणी आणायला गेली. पाण्याचा तांब्या समोरच भरलेला होता.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

कॅमेऱ्यावरून रुसवा आहे हे आता स्पष्ट आहे. बोलते, पण मोजकं. 'जेवण वाढलंय', 'छत्री घ्या', 'दार ओढून घ्या'. चौतीस वर्षांच्या संसारात मी स्वतःसाठी एक वस्तू मागितली. शेजारच्या शिंप्यानं बायकोला न विचारता मोटारसायकल आणली होती, तेव्हा याच बाईनं त्याची बाजू घेतली होती!

सहीची आठवण केली. "नंतर," म्हणाली.

१९ सप्टेंबर, शनिवार

ही आज उतरली नाही. कान दुखतोय म्हणाली. किनाऱ्यावर बसली. म्हटलं, ठीक, आज मोकळेपणानं फोटो काढता येतील. तर शिट्टीनं मला स्वतःबरोबर घेतलं आणि कॅमेरा गाडीत ठेवायला लावला.

"का?"

"मी सांगते म्हणून."

पाण्याखाली माझ्या हातभर अंतरावर राहिली. दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघून 'ठीक?' अशी खूण करायची. मीही करायचो. पंधराव्या वेळेला मला हसू आलं. एवढं काय विचारायचं!

वर आल्यावर दहाव्या ओळीपुढे शिट्टीनं सही ठोकली आणि वरच्या, नवव्या ओळीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "राहिलीय. करणार आहे ती."

"बघू," शिट्टी म्हणाली.

हिचा कान घरी येईपर्यंत बरा झाला होता.

२३ सप्टेंबर, बुधवार

घड्याळजीचा हात थरथरला तर त्यानं दुकान बंद करावं. आज मी दुकान बंदच केलं.

दुपारी वेल्डरकडे गेलो होतो. दुसरा संच की तिसरा, एक दिवा की दोन, हे आज ठरवून टाकायचं म्हणून. चांगला भाग कापून फोनमध्ये नेला होता. त्यानं हात हलवला.

"चांगला नको. बिघडलेला दाखवा."

"त्यात नुसती वाळू आहे."

"तीच बघायची आहे. दिवा कुठल्या कोनातून वाळूवर पडतो त्यावर दांडा ठरतो. पाण्यात कण चमकायला लागले की बर्फ पडल्यासारखं दिसतं. चांगल्या चित्रावरून कोणी दिवा विकत असेल तर तो चोर समजा."

मला ते पटलं. मीसुद्धा गिऱ्हाइकाला म्हणतो, चालू असतानाचं सांगू नका, बंद पडतानाचं सांगा. खिशातलं कॅमेऱ्याचं कार्ड दिलं. त्यानं मोठ्या पडद्यावर लावलं आणि सरळ शेवटाकडे पुढे ढकललं.

ऑक्टोपस. वाळू चाचपणारा पाय. मग चित्राला एक हिसका बसतो. ही माझा पाय ओढत होती तेव्हाचा. मी पाय झटकलेला दुसरा हिसका. मग उजवीकडून ही येते.

हिच्या तोंडात रेग्युलेटर नव्हता.

तोंडात नुसता रबरी तुकडा होता, दातांत धरलेला. त्याच्यापासून सुटलेला रेग्युलेटर हिच्या डाव्या हातात बुडबुडे ओकत होता. उजवा हात आडवा करून ही गळ्यावरून फिरवत होती. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. ती खूण आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवली होती. हवा नाही.

मास्कच्या काचेतून हिचे डोळे दिसत होते. थेट माझ्याकडे. म्हणजे कॅमेऱ्याकडे.

आणि मग पडद्यावर खालून एक हात वर आला. करंगळीला पट्टी. माझा हात. एक बोट वर. थांब, एक मिनिट.

वेल्डरच्या तोंडून एक शब्द निघाला तो इथे लिहीत नाही.

त्यानंतर वाळू. वाळूत हिचा हात मागे जातो, पाठीमागे काहीतरी शोधतो, सापडत नाही, पुन्हा शोधतो. मग हिचा स्वतःचा पिवळा, अडचणीसाठी प्रत्येकाकडे असतो तो जादा रेग्युलेटर. मग बुडबुडे. मग चित्र हलतं, कारण मी चिडून उठलो होतो.

वेल्डरनं ते थांबवलं. "ही कोण?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"तुमची जोडीदार आहे ना ही? तुम्ही बघत होता ना? तुमच्यासमोर आहे ती! हातभर!"

"मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होतो," मी म्हणालो. "त्याच्यावर ऑक्टोपस मोठा केला होता. ही मला... अडथळा वाटली."

हे माझ्याच तोंडचे शब्द.

त्यानं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "माझ्या कामात पंचवीस वर्षं आम्ही कमरेला दोरी बांधायचो. दुसरं टोक वरच्याच्या हातात. तो दोरी ओढायचा, आपण उलट ओढायची. नाही ओढली तर तो काम सोडून खाली यायचा. विचारत नाही बसायचा." थोडं थांबून म्हणाला, "आज मी तुम्हाला काही विकणार नाही."

चित्रफितीच्या कोपऱ्यात वेळ असते. ही चौकटीत येते तेव्हा तीन मिनिटं एक्केचाळीस. पिवळ्या रेग्युलेटरमधून पहिले बुडबुडे येतात तेव्हा चार मिनिटं चार. तेवीस सेकंद. त्याआधी मागून पाय ओढत होती ते वेगळे. सेकंद मोजण्यात माझी चूक होत नाही.

तसाच चालत दवाखान्यात गेलो. औषधांच्या खिडकीपुढे रांग होती, तिच्यात उभा राहिलो. का, ते माहीत नाही. बाजूच्या दारानं जाता आलं असतं. माझा नंबर आला. हिनं मान वर न करता हात पुढे केला.

"चिठ्ठी?"

माझ्याकडे काय होतं? कार्ड मुठीत होतं, ते खिडकीत ठेवलं. हिनं आधी कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघितलंत वाटतं," ही म्हणाली.

मी मान हलवली.

"शेवटपर्यंत?"

पुन्हा मान हलवली. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो काका, चिठ्ठी नसेल तर लाइन कशाला अडवता? इथे माणसं तापानं फणफणलीत!"

"बाजूच्या बाकावर बसा," ही मला म्हणाली. "माझी सुटी चारला." आणि मागच्या माणसाला, "हं, द्या तुमची. हे घरचंच दुखणं आहे."

दीड तास बाकावर बसलो. हिनं किती माणसांना गोळ्या समजावून सांगितल्या ते ऐकत होतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, उपाशीपोटी नाही. प्रत्येकाला विचारायची, "कळलं का? परत सांगा बरं." तो परत सांगेपर्यंत पुडी सोडायची नाही.

२४ सप्टेंबर, गुरुवार

काल घरी येताना बसथांब्यावर तीन बस सोडल्या. तेव्हा झालेलं बोलणं आहे तसं उतरवून ठेवतो, नाहीतर मी ते मनात माझ्या सोयीनं बदलून घेईन.

मी विचारलं, "तेवीस सेकंद होते. त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगत तर होते. तेवीस सेकंद."

"मोजलेस तू?"

"मी कशाला मोजू? मी मरत होते. तुम्ही आत्ता म्हणालात." थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं, घरी जाऊन बघाल आणि कळेल. तुम्ही पाच वेळा बघितलं. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकत होते. दर वेळी तो शेवट यायच्या आधी बंद. मग वाटलं, पट्टी दाखवली की विचाराल. रेग्युलेटरला तोंडाचं रबर धरून ठेवते ती पट्टी. तुम्ही भिंगातून बघितलीत. चीर सांगितलीत. कशाची, एवढं विचारलंत आणि उत्तराला थांबला नाहीत."

"माझा जादा रेग्युलेटर का नाही ओढलास? नियम आहे. जोडीदाराचा ओढून घ्यायचा."

"कुठे होता तो?"

मी आठवायला लागलो.

"तुमच्या उजव्या कुशीखाली. तुम्ही त्याच्यावर आडवे झाला होतात."

माझ्या नोंदवहीतच लिहिलंय. उजव्या कुशीवर, वाळूत, अगदी स्थिर.

"शिट्टीला सांगितलंस."

"कुणाला तरी सांगायला हवं होतं ना? ती तुमची वहीच काढून घेणार होती. मी म्हटलं, थांब, स्वतः बघू देत. अकरा दिवस लागले." मग हिनं अशा आवाजात एक वाक्य म्हटलं, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला औषध संपलंय म्हणून सांगावं. "पाण्याचं नाही हो वाटलं काही. पाणी पाणीच असतं. तुम्ही बोट वर केलंत ना, तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे, हे असंच करणार. मला आश्चर्यच वाटलं नाही. त्याची भीती वाटली."

चौथ्या बसनं घरी आलो.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

भाड्याचा कॅमेरा परत केला. वेल्डरनं माझ्यादेखत पेटी उघडून रिंग तपासली. एक कण नाही. "सांभाळलात बाकी छान," म्हणाला. टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. त्यानं तिसऱ्या संचाची यादी माझ्या नावानं करून ठेवली होती, ती त्यानं टेबलाच्या खणात टाकली. "पन्नास बुड्या. रिकाम्या हातांनी. आणि सह्या बघीन."

घरी येऊन हिला विचारलं, "ती चित्रफीत पुसून टाकू?"

ही इस्त्री करत होती. इस्त्री उभी केली. "नऊ बुड्यांत माझा तेवढाच एक फोटो आहे," म्हणाली. "पुसू नका."

आरशात बघायचं टाळतो आहे. बाकी सगळं रोजच्यासारखं आहे याचाच धक्का बसतो. दूध येतं. दुकानात घड्याळं येतात. एक बाई आज म्हणाली, "घड्याळ मागे पडतंय हो, कधीपासून ते लक्षातच आलं नाही." मी 'तक्रार' या रकान्यात लिहिलं आणि 'दोष' या रकान्यापाशी पेन अडलं.

शिट्टीला फोन केला. म्हटलं, मला पुन्हा पहिल्यापासून शिकव. ती म्हणाली, "ते मी शिकवीन. पण तुमच्याबरोबर उतरायचं की नाही हे काकू ठरवतील." मी म्हटलं, विचार तिला. "तुम्ही विचारा," म्हणाली आणि फोन ठेवला.

२६ सप्टेंबर, शनिवार

विचारलं. नाष्ट्याच्या वेळी, सरळ. "माझ्याबरोबर पुन्हा उतरशील का?"

हिनं कपातला चहा संपवला. "समुद्रात नाही," म्हणाली. "तलावात या उद्या. मग बघते."

मुलीचा फोन आला. "बाबा, कॅमेरा घेतलास का?" तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "आईला दे फोन." दार लावून दोघी बोलल्या. मी बाहेर उभा. लग्नानंतर पहिल्यांदाच मला माझ्या घरात परकं वाटलं, आणि त्यांचं काही चुकतंय असंही वाटेना.

२७ सप्टेंबर, रविवार

पोहण्याच्या तलावाची खोल बाजू. तीन मीटर. फरशा इतक्या पांढऱ्या की वाळूचा कण असता तरी दिसला असता. आज पाण्यात आम्ही तिघंच, शिट्टी, ही आणि मी.

शिट्टीनं सांगितलं, "काकू कधीही खूण करतील. सांगून करणार नाहीत. काका, तुम्ही काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे."

खाली गुडघ्यांवर बसलो, समोरासमोर. मी हिच्याकडे बघत होतो. दुसरं बघायला काही नव्हतंच. चौतीस वर्षांत इतका वेळ सलग बघितलं नसेल. हिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. कधी आला?

हिनं रेग्युलेटर तोंडातून काढला. हात आडवा करून गळ्यावरून फिरवला.

माझा पिवळा रेग्युलेटर छातीवर होता, मी रात्रीच त्याची क्लिप बदलली होती. ओढला, उलटा होऊ न देता हिच्या तोंडासमोर धरला. दोन सेकंदसुद्धा लागले नसतील.

हिनं तो घेतला नाही.

माझ्याकडे बघत एक बोट वर केलं. थांब, एक मिनिट.

हिच्या ओठांच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ सुटत होती, शिकवल्याप्रमाणे. मी रेग्युलेटर आणखी पुढे केला. बोट तसंच. मी मान हलवली, नाही, नाही. बोट तसंच. मी मोजत होतो, न मोजणं मला जमत नाही. सात. आठ. शिट्टी पुढे सरकली, हिनं दुसऱ्या हातानं तिला थोपवलं. अकरा. बारा. बुडबुड्यांची माळ तुटली. मी दुसऱ्या हातानं हिचा खांदा धरला. मी ओरडत होतो, ते मला नंतर कळलं, घसा बसला तेव्हा. पंधरा. सोळा.

सतराला हिनं बोट खाली घेतलं आणि माझ्या हातातून हवा घेतली.

वर आल्यावर शिट्टी हिच्यावर संतापली. "काकू, हे शिकवण्यात नव्हतं! असा खेळ माझ्या तलावात पुन्हा केलात तर मी दोघांच्याही वह्या जप्त करीन!"

"पुन्हा नाही करणार," ही केस पिळत म्हणाली. "एकदाच करायचं होतं. तेवीसपर्यंत जाणार होते." माझ्याकडे वळली. "तुमचा चेहरा बघवेना."

मला काठावर बसावं लागलं. हिनं टॉवेल माझ्या खांद्यांवर टाकला आणि शेजारी बसली, पण टेकून नाही, हातभर अंतरावर.

थोड्या वेळानं म्हणाली, "वही आणलीय?"

आणली होती. ओल्या हातानं हिनं पेन घेतलं. अकराव्या ओळीत मी लिहिलं होतं, 'तलाव, तीन मीटर, हवा देण्याचा सराव.' तिच्यापुढे हिनं सही केली, पूर्ण, सावकाश, दवाखान्यात करते तशी. मग नवव्या ओळीवर आली. तिथे माझ्याच अक्षरात आहे, 'अकरा मीटर. ऑक्टोपस! विशेष दुसरं काही नाही.' सहीची जागा रिकामी.

मी वाट बघत होतो. विचारलं नाही.

हिनं पेनचं टोपण लावलं आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"ही राहू दे अशीच," म्हणाली. "चला. पुढच्या शनिवारी लवकर निघायचंय. आणि येताना दोन नव्या पट्ट्या आणा."